लेखासाठी मोफत चित्र शोधताना आधी करणाऱ्याचे नाव शोधा

वेरूळच्या कैलास लेण्यावर लेख लिहायचा आणि त्याच्या माथ्यावर एआयने रचलेले कुठले तरी ‘प्राचीन भारतीय मंदिर’ लावायचे, हा प्रकार आता सर्रास दिसतो. त्या चित्रात कोरीवकाम भरपूर असते, उजेडही सुरेख असतो. फक्त ते लेणे क्रमांक १६ नसते. जी वास्तू प्रत्यक्ष उभी आहे तिचे चित्र तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने टिपलेले असावे, ही वाचकाची अपेक्षा वाजवी आहे आणि ती पुरी करायला पैसेही लागत नाहीत. त्यासाठी शोध अशाच ठिकाणी सुरू करावा, जिथे चित्र कोणी काढले, केव्हा काढले आणि कोणत्या अटीवर दिले हे चित्रासोबत लिहिलेले असते. श्रेय देण्यासाठी लागणारी हीच माहिती, चित्र माणसाचे की यंत्राचे हे ठरवायलाही उपयोगी पडते.

असे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेले विकिमीडिया कॉमन्स. तिथे आज दहा कोटींहून अधिक फायली आहेत. मराठी विकिपीडियावरील लेखातल्या बहुतेक चित्रांवर टिचकी मारत गेले की आपण कॉमन्सच्या मूळ पानावर पोहोचतो. थेट शोध घेताना देवनागरीत फार थोडे हाती लागते, म्हणून गावाचे किंवा किल्ल्याचे नाव रोमन लिपीतही टाकून पाहावे आणि वनस्पतींसाठी शास्त्रीय नाव वापरावे. एक बरे चित्र सापडले की त्याच्या तळाशी दिलेल्या वर्गात शिरावे; वर्णन अर्धवट लिहिलेली, पण चांगली छायाचित्रे तिथेच दडलेली असतात. इंग्रजी विकिपीडियावरची चित्रपटांची पोस्टरे मात्र घेऊ नयेत, कारण ती मुक्त परवान्याची नसून त्या लेखापुरत्या मर्यादित सवलतीवर ठेवलेली असतात.

चित्र माणसाने काढले आहे याची खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे ते चढवल्याची तारीख. मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही एआयने चित्रे बनवणारी साधने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्याआधी कॉमन्सवर आलेल्या किल्ल्याच्या किंवा फुलाच्या छायाचित्राबद्दल शंका घेण्याचे सहसा कारण नाही. नंतरच्या चित्रांसाठी पानावरील कॅमेऱ्याचा तपशील, म्हणजे मॉडेल, शटरचा वेग आणि वेळ, पाहावा. हा तपशील पुसलाही जातो आणि बनवताही येतो, म्हणून मी त्याहून जास्त भरवसा त्याच व्यक्तीच्या इतर छायाचित्रांवर ठेवतो. जो खरोखर गडावर गेला आहे त्याच्याकडे दरवाजा असतो, टाके असते, ढासळलेला बुरूज असतो आणि त्याच दिवसाचे तेच ढगाळ आकाशही असते.

जुन्या चित्रांच्या बाबतीत ही चिंताच उरत नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि अमेरिकेच्याच स्मिथसोनियन संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या संग्रहातील लाखो प्रतिमा ‘सीसी झीरो’खाली, म्हणजे कोणत्याही अटीविना, खुल्या केल्या. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रांवरील स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे १९०६ मध्ये वारलेले राजा रविवर्मा आणि १९४४ मध्ये वारलेले म. वि. धुरंधर या दोघांचीही चित्रे आपल्याला वापरता येतात. कोकणातल्या झाडांवर लिहिणाऱ्याने बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा १६७८ ते १६९३ या काळात निघालेला ग्रंथ उघडावा. त्यातली झाडे मलबारची असली तरी बरीचशी आपल्या किनाऱ्यावरही वाढतात, आणि गुळगुळीत तयार फोटोपेक्षा ती रेखाचित्रे लेखाला अधिक शोभतात, असे माझे मत आहे. शिल्पाच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा: मूर्ती हजार वर्षांची असली तरी तिचे छायाचित्र काढणाऱ्याचा त्या छायाचित्रावर स्वतंत्र हक्क असतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) हे काढणाऱ्याने वापराची परवानगी आधीच देऊन ठेवण्याचे तयार परवाने आहेत. त्यांत ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एसए’ म्हणजे फेरफार केलेले चित्र त्याच परवान्याने पुढे द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको आणि ‘एनडी’ म्हणजे बदललेले चित्र प्रसिद्ध करू नका. लेखाशेजारी जाहिराती असतील तर ‘एनसी’ची चित्रे टाळलेली बरी. ‘एसए’चे चित्र जसेच्या तसे लावले म्हणून आपल्या लेखाला तो परवाना लागू होत नाही. श्रेयाची ओळ चित्राच्या लगेच खाली, या धर्तीवर लिहावी: ‘छायाचित्र: काढणाऱ्याचे नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत.’ नावाला मूळ पानाचा आणि परवान्याला परवान्याच्या मजकुराचा दुवा जोडावा. ‘साभार: गूगल’ हे श्रेय नव्हे. परवान्याच्या आवृत्तीचा आकडाही महत्त्वाचा आहे: ४.० मध्ये श्रेयाची चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर वापराचा हक्क परत मिळतो, २.० मध्ये ही सवलत नाही. आणि जुन्या परवान्याच्या चित्रांवरून भरपाई मागणारे लोक आहेत.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स यांसारख्या मोफत फोटोंच्या संकेतस्थळांवर श्रेयाची सक्ती नसते आणि चित्रे देखणी असतात, पण पोळपाट-लाटणे किंवा एसटीचा थांबा शोधू गेल्यास निराशाच पदरी पडते. काही मोफत संकेतस्थळांवर यंत्राची चित्रेही मिसळलेली असतात. ती वगळण्याची सोय नसेल तर तिथे वेळ घालवू नये.

चित्र स्वतःच टिपायचे असेल, तर सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या इमारतीचे आणि पुतळ्याचे छायाचित्र प्रसिद्ध करायला भारतीय कायदा मोकळीक देतो. ती मोकळीक भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र नाही, तेव्हा अलीकडच्या भित्तिचित्रासाठी चित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी आणि तो ईमेल जपून ठेवावा.