सर आर ऑन लीव्ह: इंग्रजी वचनांनी घेतलेली माझी शाळा

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्याच आठवड्यात मी अमेरिकेतल्या क्लायंटला मेल टाकला: 'सर आर ऑन लीव्ह टुडे.' तिकडून उलट विचारणा आली, नक्की किती जण रजेवर आहेत? टीमला दोन दिवस हसायला पुरलं. मला मात्र चूकच कळेना. सर रजेवर 'आहेत', मग 'आर' का नको?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून ते २००० साली आलं). वचन बदला म्हणजे 'एस' लावा, 'चाइल्ड'चं 'चिल्ड्रन' पाठ करा, झालं. नोकरीत लक्षात आलं की 'चिल्ड्रन' कोणाचंच चुकत नाही, चुकतं ते भलतंच. म्हणून मराठी माध्यमातून येऊन पहिल्यांदाच इंग्रजीत मेल आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांना सांगतो, याद्या घोकत बसू नका. मराठी कुठे इंग्रजीपेक्षा वेगळं मोजते, तेवढं हुडका. मी त्यासाठी एक शंभरपानी वही केली होती.

वहीत पहिली नोंद अर्थातच आदरार्थी अनेकवचनाची. बाबा आले, मॅडम म्हणाल्या, साहेब बाहेर गेलेत. हे आपल्या इतकं अंगात मुरलेलं असतं की 'माय फादर आर' कधी निसटतं ते समजत नाही. गंमत म्हणजे इंग्रजीतही एके काळी तू-तुम्ही होतं. 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. पुढे 'दाऊ' मागे पडलं आणि सगळेच 'यू' झाले. म्हणून समोर एकटा माणूस असला तरी 'यू आर'. 'ही' आणि 'शी'च्या वाट्याला हा मान आला नाही. वडील असोत की राष्ट्राध्यक्ष, तिथे 'इज'च.

जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे निर्धास्त राहा. आपण 'माहित्या' म्हणत नाही, 'सामानं' म्हणत नाही. मग 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' कुठून येतात? जास्त इंग्रजी दिसावं म्हणून शेपटीला लावलेल्या 'एस'मधून. खरी गोची सल्ल्यांची. मराठीत सल्ले, पुरावे, उपकरणं मोजता येतात. इंग्रजीत 'अडव्हाइस', 'एव्हिडन्स', 'इक्विपमेंट' मोजता येत नाहीत. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ अडव्हाइस'. बातम्या अनेक असल्या तरी 'द न्यूज इज'. केस गळतात आपले अनेकवचनात, पण इंग्रजीत डोक्यावरचं सगळं मिळून एकच 'हेअर', आणि ते 'इज'. आमटीत दोन केस सापडले तर मात्र 'टू हेअर्स'!

याच्या उलट कात्री, चष्मा, पँट. आपल्याकडे एकेकच. इंग्रजीला त्यात दोन पाती, दोन भिंगं, दोन पाय दिसतात, म्हणून 'सिझर्स आर', 'ग्लासेस आर'. एकच हवी असेल तर 'अ पेअर ऑफ'.

सगळ्यात मजेशीर नोंद 'दीड'ची. दीड तास लागला, सव्वा तास लागला. मराठीत दीडपर्यंत एकवचन. अडीच तास मात्र 'लागले'. इंग्रजीत एकाच्या वर काटा जरा सरकला की अनेकवचन: 'वन अँड अ हाफ अवर्स'. शून्यालाही अनेकवचनच, 'झिरो एरर्स'. आपण तिथे 'एकही चूक नाही' म्हणून मोकळे होतो. माझ्या टाइमशीटवर कित्येक महिने '१.५ अवर' होतं आणि कोणी टोकलं नाही, कारण तपासणारेही मराठीच.

बायोडेटातली चूक महागात पडते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. 'फाइव्ह इयर एक्स्पीरियन्स' असं लिहू नका; 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स' लिहा. पण तेच शब्द नामाच्या आधी विशेषणासारखे बसले की 'एस' गळतो: 'अ फाइव्ह-इयर प्रोजेक्ट'. हे अवघड वाटलं तर तीनमजली इमारत आठवा. मजले तीन असूनही आपण 'तीनमजले इमारत' म्हणत नाही. फाइव्ह स्टार हॉटेललाही कोणी 'फाइव्ह स्टार्स हॉटेल' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक थेट 'माझा एक मित्र'मधून येते. मनात 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणा, 'फ्रेंड्स' आपोआप येतं. क्रियापद त्या 'एक'चं, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स वर्क्स इन नाशिक'.

आणि एसटीत शिकलेलं इंग्रजी विसरा. 'तिथे एक लेडीज बसली होती' हे मराठीत खपून जातं. मेलमध्ये 'अ लेडीज' लिहिलंत की गेलात.

काही ठिकाणी इंग्रजीचंच एकमत नाही. 'डेटा इज' की 'डेटा आर', 'टीम इज' की 'टीम आर'? ब्रिटिश लेखनात टीमला 'आर' सर्रास चालतं, अमेरिकन मंडळी 'इज' लावतात. क्लायंट कुठला ते बघायचं, एक धरायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. इतर वेळी अडलं तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात नामापुढे मोजता येतं की नाही याची 'सी' आणि 'यू' अशी खूण असते. साध्या इंग्रजी-मराठी कोशात ती बहुधा नसते. माझी दोन वर्षं तशाच कोशात गेली.

वही अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात भाचीचा अभ्यास घेताना मी ऐटीत म्हणालो, 'देअर आर ट्वेंटी-सिक्स अल्फाबेट्स.' मग खटकलं आणि कोश उघडला. 'अल्फाबेट' म्हणजे अख्खी वर्णमाला. अक्षरं म्हणजे 'लेटर्स'. पाचवीपासून मी सव्वीस वर्णमाला म्हणत आलो होतो.