पावसाळ्यात सायकलच्या गिअरची निगा: डिरेलर आणि हब गिअर

पुण्याच्या पावसात सायकलच्या गिअरचे जे नुकसान होते ते पाण्यापेक्षा त्याच्यासोबत उडणाऱ्या वाळूने आणि चिखलाने जास्त होते, आणि डिरेलरची (म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची) चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) व दोन छोटी दातेरी चाके हे सारे उघड्यावर असल्याने हा मारा त्यालाच अधिक सोसावा लागतो. घरी आल्यावर चेनवर साध्या पाण्याची बारीक धार सोडावी, चिंधीने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पेडल उलटे फिरवत प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडून वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे; ओल्या चेनवर ओतलेले तेल वाळूला मिसळून दाते घासण्याचेच काम करते.

मोठ्या चकतीकडे गिअर नीट चढतो, पण लहान चकतीकडे रेंगाळत उतरतो, असे दिसले की दोष बहुधा केबलच्या आउटरमध्ये (बाहेरच्या आवरणात) शिरलेल्या पाण्याचा व मातीचा असतो, कारण उतरताना डिरेलरला केवळ स्प्रिंगचे बळ मिळते. मागच्या डिरेलरकडे जाणाऱ्या शेवटच्या वळशात ही घाण साचते. गिअर सर्वात मोठ्या चकतीवर नेऊन सायकल उभी करावी आणि पेडल न फिरवता शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) सर्वात लहान चकतीपर्यंत सोडावा. केबल सैल पडते, फ्रेमच्या खाचेतून आउटर निघतो आणि आतली तार पुसता येते. तार गंजली असल्यास मात्र ती आणि आउटर दोन्ही बदलावेत.

हब गिअरमध्ये यंत्रणा मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबच्या बंद डब्यात असते, चेन सरळ रेषेत धावते आणि पूर्ण चेनकव्हर बसवता येते, त्यामुळे कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जाणाऱ्याला मी हाच सुचवीन. सिंहगडाच्या चढाची हौस असणाऱ्याने मात्र डिरेलरच ठेवावा. हबलाही केबल असतेच, आणि तिचा ताण बिघडला की गिअर निसटून आतले दाते झिजतात. शिमानो कंपनीच्या आठ गिअरच्या हबमध्ये चौथा गिअर लावून हबवरच्या दोन पिवळ्या रेषा जुळतात का ते पाहावे व न जुळल्यास शिफ्टरजवळच्या स्क्रूने त्या जुळवाव्यात. रोहलॉफ कंपनीच्या हबचे तेल 5000 किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा बदलायचे असते. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचा फवारा हबवर कधीही मारू नये, कारण तो सीलपलीकडे पाणी ढकलतो. भुयारी मार्गातल्या पाण्यात हब बुडाला असेल तर तो लवकर उघडून घ्यावा. पंक्चर काढणाऱ्याला मागचे चाक न काढता ट्यूब बाजूने ओढून ठिगळ लावायला सांगावे, कारण नटाखालचे वॉशर उलटसुलट बसले तर गिअर बिघडतो.

चेन ताणून 12 इंची पट्टी एका पिनेच्या मध्यावर लावली असता नव्या चेनमध्ये दुसरे टोकही पिनेच्या मध्यावरच येते. ती पिन 1/16 इंच पुढे गेली की डिरेलरची चेन बदलावी, हब गिअरच्या चेनला मात्र 1/8 इंचापर्यंत सूट देता येते.