बोटीच्या सीटवरचे हट्टी डाग कसे काढावेत

खडकवासला-पानशेतच्या बाजूला ज्यांची बोट असते, त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली, आणि ऑक्टोबरात ताडपत्री काढली की पांढऱ्या रेक्झिनवर काळे ठिपकेच ठिपके. बहुतेक जण लगेच ब्लीच किंवा थिनर काढतात. कृपा करून दोन्ही बाजूला ठेवा. ब्लीचने शिवणीचा दोरा कमजोर होतो, थिनरने वरचा थर चिकट होतो, आणि तो थर गेला की पुढचे डाग आणखी खोल बसतात.

सुरुवात कोरड्या मऊ ब्रशने. बुरशी उडते, म्हणून मास्क लावा आणि हे काम मोकळ्या हवेतच करा. मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड थोडं टाकून स्पंजने धुवा. मळ, घाम, पक्ष्यांची घाण बहुधा एवढ्यावरच निघते. लोखंडी घासणी वापरू नका. पांढरा ‘मॅजिक’ स्पंजही बारीक पॉलिश पेपरसारखाच घासतो, त्यामुळे हात अगदी हलका ठेवा.

काळे ठिपके उरलेच तर मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात लावून पाहा. रंग बदलला नाही तर डागांवर फवारा, दहाएक मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने गोल गोल घासा, साध्या पाण्याने पुसा. गरज पडली तर पुन्हा करा. पेरॉक्साइड नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पेनाच्या शाईसाठी कापसावर थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन टिपत जा. डाग पसरू नये म्हणून बाहेरून आत या, आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. गंजाला लिंबाचा रस चालतो.

गुलाबी डागांचं मात्र वेगळं आहे. आतल्या फोममधल्या सूक्ष्मजीवांचा रंग रेक्झिनमध्ये मुरून वर आलेला असतो. तो वरून घासून जात नाही. तिथे कव्हर बदलणंच शहाणपणाचं, आणि आतला फोमही ओला-कुजका असेल तर तोही.

खरी गोम या फोममध्येच आहे. सीटवर तळहात दाबून धरा आणि पायपिंगजवळची, म्हणजे सीटच्या कडेला शिवलेल्या गोल पट्टीजवळची, शिवण नीट बघा. टाक्यांच्या भोकांतून पाण्याचे बारीक बुडबुडे आले तर आत पाणी साठलंय, आणि वरून कितीही चकचकीत केलंत तरी बुरशी काही दिवसांत परत येणार. अशी सीट स्क्रू काढून बाहेर घ्या, खालच्या प्लायवुडचे स्टेपल उचकटा, फोम दाबून पिळा आणि सावलीत पंख्यासमोर उभा ठेवा. ऑक्टोबरची कोरडी हवा याला उत्तम. कडक उन्हात रेक्झिन वाळवू नका, ते ताठ होऊन तडकतं.

पुढच्या पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. जमलं तर सीट काढून घरी आणा. ते शक्य नसेल तर ताडपत्रीखाली मधोमध बांबूचा आडवा दांडा बांधा, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला जागा सोडा.