चित्राखालची ओळ झाकून बघा

चित्रकलेच्या वर्गात जुनं व्यंगचित्र दाखवताना मी आधी चित्राखालच्या ओळीवर पट्टी ठेवते. तुम्हीही ठेवा. ओळ वाचली की मन नावं शोधत बसतं आणि रेषेकडे बघायचं राहून जातं.

सुरुवात नाशपातीपासून करा. १८३१ साली पॅरिसच्या कोर्टात, राजाची बदनामी केल्याच्या खटल्यात, व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचा प्रकाशक शार्ल फिलिपोंनं फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याच्या चेहऱ्याची चार पायऱ्यांत नाशपाती करून दाखवली. चारही पायऱ्या पेन्सिलीनं स्वतः काढा. गाल ओघळतात, नाकडोळे विरतात, शेवटी नुसतं फळ उरतं आणि तरी राजा ओळखू येतो. बाह्यरेषा इतकी सोपी की पोरासोरांनी ती शहरभर भिंतींवर काढली.

फिलिपोंसाठी काम करणारा व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याच्या ‘गार्गांत्युआ’त (हे जुन्या फ्रेंच कादंबरीतल्या खादाड राक्षसाचं नाव) मापं बघा. राजा डोंगराएवढा, माणसं मुंग्यांएवढी, फळीवरून पैशांच्या टोपल्या थेट त्याच्या तोंडात. या चित्रापायी दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली.

आता त्याचंच १८३४ चं चित्र घ्या आणि घाई करू नका. पॅरिसमधल्या उठावात सैनिकांनी एका घरात शिरून रहिवाशांना मारलं, त्या खोलीचं हे चित्र. डोळे अर्धवट मिटून बघा. आधी फक्त पांढरं दिसेल: पलंगावरून घसरलेली चादर, मेलेल्या माणसाचा सदरा. मग त्याच्या अंगाखाली चिरडलेलं बाळाचं डोकं. डावीकडे अंधारात बाई, उजव्या कडेला म्हाताऱ्याचा चेहरा. सैनिक एकही नाही. कुणाचं नाक वाढवलेलं नाही, पोट फुगवलेलं नाही. अतिशयोक्तीत मुरलेल्या हातानं ती इथे पूर्ण सोडली, म्हणूनच मला हे त्याचं सर्वांत धारदार राजकीय चित्र वाटतं.

याची नक्कल मी पहिल्यांदा बोरूनं केली आणि सगळं बिघडलं. कडा ठसठशीत झाल्या, माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसायला लागली. हे शिळाछापाचं काम आहे. चुनखडीच्या दाणेदार दगडावर तेलकट खडू फिरला की दाण्यादाण्यावर करडा रंग बसतो आणि अंधार रेषेविना उतरतो. म्हणून खरबरीत कागद घ्या, कोळशाची कांडी आडवी धरा, आधी सगळी खोली करडी करा. सदऱ्याची जागा तेवढी कोरी ठेवा.

सरकारनं तो दगड आणि हाती लागतील तेवढ्या प्रती जप्त केल्या.

आता पट्टी उचला. खाली फक्त गल्लीचं नाव आणि तारीख आहे: र्‍यू त्रान्सनोनँ, १५ एप्रिल १८३४.