वाए रेबोला जायचं तर

नागपूरहून निघताना मी संत्रा बर्फी आठवणीनं घेतली अन् छत्री घरीच विसरलो. तुम्ही उलटं करा. वाए रेबो म्हणजे इंडोनेशियातलं डोंगरातलं एक गाव. आधी बाली, तिथून विमानानं फ्लोरेस बेटावरचं लाबुआन बाजो, मग गाडीनं डेंगे गाव. पुढं दोन-तीन तास जंगलातली चढण.

गावात शिरताच मोबाईल काढायचा नाही! आधी मोठ्या घरात ज्येष्ठांपुढं बसायचं, स्वागताचा विधी झाला की मग फोटो. मुख्य घरं सातच, शंकूसारखी, जमिनीपर्यंत शाकारलेली. आत पाच मजले. खाली माणसं, वर धान्य-बियाणं. 2012 साली युनेस्कोनं यांच्या जतनाला पुरस्कार दिला.

अंगणात कॉफीच्या बिया वाळत असतात, पाय जपून टाका. मी तुडवल्या. एका आजीनं हसत हसत झाडूच हातात दिला.