मानसशास्त्राचे प्राध्यापक व्हायचे असेल तर: एम.ए.पासून निवड समितीपर्यंत

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात: समुपदेशनाची किंवा चिकित्सेची प्रॅक्टिस आणि महाविद्यालयातील नोकरी. या दोन्ही वाटा एम.ए.नंतर फुटतात आणि त्यांचे नियम दोन वेगळ्या संस्था करतात, हे प्रवेश घेतानाच लक्षात ठेवावे. महाविद्यालय आणि विद्यापीठातील अध्यापनाची किमान पात्रता विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, ठरवतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी देण्याचे काम भारतीय पुनर्वसन परिषदेकडे आहे. परिषदेची नोंदणी हातात असली तरी तेवढ्यावर सहायक प्राध्यापक होता येत नाही. नेट, म्हणजे अध्यापनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाल्याने रुग्ण तपासण्याचा अधिकारही मिळत नाही. पुढील मार्गदर्शन केवळ अध्यापनाच्या वाटेचे आहे.

१. पदव्युत्तर पदवी आणि ५५ टक्के

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी किंवा समकक्ष श्रेणीने उत्तीर्ण असावी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेअरमधील इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. ही टक्केवारी मोजताना ग्रेसचे गुण धरले जात नाहीत आणि ५४.९५ चे ५५ करून घेता येत नाहीत. श्रेणी पद्धतीने पदवी मिळाली असेल, तर विद्यापीठाच्या रूपांतर सूत्राचे प्रमाणपत्र निकालासोबतच मागून घ्यावे. अर्जाची मुदत संपत आलेली असताना परीक्षा विभागाच्या खिडकीशी रांग लावण्यापेक्षा ते केव्हाही सोयीचे पडते.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्राची एम.ए. करण्याची वाट आजवर पुष्कळांनी धरली. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह काही विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवण्यास विद्यापीठांना सांगितले आहे. त्यामुळे आता नव्याने सुरुवात करणाऱ्याने नियमित अभ्यासक्रमच धरावा आणि कोणी ऑनलाइन एम.ए.ची जाहिरात दाखवली, तर पैसे भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी.

२. नेट की सेट?

शक्य असेल तर दोन्ही द्याव्यात. नेट देशभर चालते. महाराष्ट्राची सेट, म्हणजे राज्य पात्रता परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यापुरती ग्राह्य असते. नेट सहसा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी होते. एम.ए.च्या अंतिम वर्षात असतानाही ती देता येते, मात्र निकालानंतर दोन वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी लागते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची अट नाही आणि किती वेळा बसावे यावरही बंधन नाही. वयोमर्यादा आहे ती जेआरएफ या संशोधनवृत्तीसाठी.

परीक्षा तीन तासांची, संगणकावरची असते. पहिला पेपर अध्यापन व संशोधन अभिवृत्तीचा, ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो. दुसरा मानसशास्त्राचा, १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. सर्वसाधारण गटाला दोन्ही पेपर मिळून किमान ४० टक्के आणि आरक्षित गटांना ३५ टक्के लागतात, परंतु ही नुसती उंबरठ्याची अट आहे. दोन्ही पेपरांना बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरवले जातात, त्यामुळे खरी स्पर्धा त्या आकड्याशी असते.

मानसशास्त्राचा अभ्यासक्रम दहा घटकांचा आहे. एम.ए.ला व्यक्तिमत्त्व, सामाजिक मानसशास्त्र, विकास हे घटक विद्यार्थी मनापासून वाचतात आणि संशोधनपद्धती व संख्याशास्त्राकडे पाठ फिरवतात. माझ्या मते तयारीची सुरुवात नेमकी तिथून करावी. प्रसरण विश्लेषण, सहसंबंध, घटक विश्लेषण, चाचणीची विश्वसनीयता आणि सप्रमाणता या गोष्टी संशोधनपद्धतीत येतात, मानसशास्त्रीय चाचण्यांच्या घटकात येतात आणि पुढे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेतही येतात. पहिल्या घटकात भगवद्गीता, बौद्ध विचार, सूफी परंपरा यांतील मानसशास्त्रीय विचारही आहे, आणि आपल्या एम.ए.च्या वर्गांत तो फारसा शिकवला जात नाही. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी संज्ञा दोन्ही भाषांत पाठ ठेवाव्यात.

३. पीएच.डी. ऐच्छिक आहे, पण कागदावर

विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे आधी ठरले होते आणि तिची तारीख पुढे ढकलली गेली. अखेर १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्यस्तरीय परीक्षा) हीच थेट भरतीची किमान पात्रता राहिली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. यूजीसीच्या नियमांप्रमाणे पीएच.डी. मिळवलेल्यांना नेट-सेटमधून सूट देणारी तरतूदही आहे. यावरून पीएच.डी.ची घाई नको, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे, आणि का ते मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याच्या तक्त्यातून दिसते.

विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात पदवीला ६० ते ८० टक्के असल्यास १३ गुण, पदव्युत्तर पदवीला तेवढेच टक्के असल्यास २३, नेटला ५, सेटला ३ आणि पीएच.डी.ला ३० गुण आहेत. म्हणजे बी.ए.ला ६५ आणि एम.ए.ला ६२ टक्के मिळवून नेट उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराचे ४१ गुण होतात. त्याच गुणपत्रिकांवर पीएच.डी.ही असलेल्याचे ७१. प्रकाशने आणि अनुभव मिळून पूर्ण २० गुण मिळाले, तरी ही दरी भरून निघत नाही. महाविद्यालयांच्या तक्त्यात पीएच.डी.ला २५ आणि नेटला ८ गुण असल्याने फरक थोडा कमी पडतो, पण पडतोच.

२०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार किमान तीन वर्षे लागतात आणि साधारण मर्यादा सहा वर्षांची आहे. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेवर होतो. विषय ठरवण्याआधी गाइडकडे जागा रिकामी आहे का, हे विचारावे. मराठीत प्रमाणित केलेली चाचणी उपलब्ध नसताना ग्रामीण नमुन्यावर काम घेतले, तर आधी चाचणीचे रूपांतर आणि प्रमाणीकरण करण्यातच एखादे वर्ष सहज जाते.

४. जाहिरात आणि अर्ज

जाहिरात आली की आधी बिंदुनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणाचा क्रम ठरवणाऱ्या यादीनुसार, जागा कोणत्या प्रवर्गाची आहे ते पाहावे, मग ती कोणत्या नियमांचा हवाला देते ते पाहावे. यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा मांडला आणि निवडीच्या पद्धतीबाबत राज्य शासनाचेही आदेश निघत असतात. अशा वेळी ऐकीव माहितीपेक्षा त्या जाहिरातीतील मजकूर प्रमाण मानावा. आरक्षित जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतील नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र लागते.

कायम जागा निघेपर्यंत बहुतेकांना तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवावे लागते. मानधन तुटपुंजे असले तरी प्रत्येक वर्षाचा नियुक्ती आदेश आणि विद्यापीठाचे मान्यतापत्र जपून ठेवावे, कारण त्यांच्याशिवाय केलेल्या कामाचा अनुभव सिद्ध करता येत नाही.

मुलाखतीत पाठ घ्यायला सांगितले, तर अभिजात अभिसंधानासारखा (क्लासिकल कंडिशनिंग) साधा विषय घेऊन फळ्यावर नीट मांडता आला पाहिजे. बी.ए.ला प्रात्यक्षिके असल्याने म्यूलर-लायर भ्रमाच्या प्रयोगात मांडणी कशी कराल, चुका कशा मोजाल आणि निष्कर्ष कसा लिहून घ्याल, असेही विचारले जाऊ शकते.

परदेशातील पीएच.डी.धारकांसाठी वेगळी सोय आहे. क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाची पीएच.डी. असेल, तर नेट-सेट नसतानाही तिच्या आधारे अर्ज करता येतो.