‘विटल’ म्हणजे कोरणं नव्हे : हे इंग्रजी क्रियापद वापरताना या चुका टाळा

शब्दकोशात इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द दिसला की आपण निर्धास्त होतो. डब्ल्यू, एच, आय, डबल टी, एल, ई. समोर अर्थ दिलेला असतो, ‘लाकूड कोरणे’. तिथून पुढे देवळाचे खांब ‘विटल’ होतात, झाडाच्या बुंध्यावर प्रेमिकांची नावं ‘विटल’ होतात, चांदीच्या पेल्यावर आजोबांचं नावही ‘विटल’ होतं. भाषांतराच्या वह्या तपासताना हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. दर वेळी वाटतं की यात मुलांची चूक थोडी आणि त्या एकाच शब्दात दिलेल्या अर्थाची जास्त. कारण या क्रियेला मराठीत नेमका शब्द आहे. तो ‘कोरणं’ नाही, ‘तासणं’ आहे.

विटी, भोवरा आणि देव्हारा

विटी-दांडू खेळलेल्या माणसाला हे समजावायला दोन मिनिटं पुरतात. अंगठ्याएवढ्या जाडीचा फांदीचा तुकडा एका हातात धरायचा, दुसऱ्या हातात सुरी. टोकाकडे एक ढलपी काढायची, तुकडा जरासा फिरवायचा, पुन्हा एक ढलपी. दोन्ही टोकं निमुळती झाली की विटी तयार. विटी कुणी कोरत नाही, विटी तासतात. हातात मावणाऱ्या लाकडावरून चाकूने बारीक बारीक ढलप्या काढत जायचं, हेच ‘विटल’. विटी आणि विटल या शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला ही जोडी फार सोयीची आहे.

भोवऱ्याचं तसं नाही. कातारी लाकूड चरकावर फिरवतो आणि फिरत्या लाकडाला हत्यार टेकवतो. लाटणं, पाळण्याचे कातीव दांडे, सावंतवाडीच्या लाखकामातल्या गोल घाटाच्या वस्तू अशाच होतात. इंग्रजीत या कातकामाला ‘टर्न’ हे क्रियापद आहे. त्याला विटल म्हटलं, तर कारागीर चाकू घेऊन ओट्यावर बसला होता असं चित्र उभं राहतं आणि चरक नाहीसाच होतो.

देव्हाऱ्याच्या कमानीवर वेलबुट्टी असते, मोर असतात. ती पटाशीने, हातोडीच्या ठोक्यांनी लाकडात आत उतरवलेली असते. हे खरं कोरीव काम, आणि त्याला ‘कार्व्ह’. भांड्यावर नाव घालणं म्हणजे ‘एन्ग्रेव्ह’. कुऱ्हाडीने किंवा वाकसाने ओंडका तासून तुळई काढली तर ‘ह्यू’. इथे मराठीतही तासणंच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. तेव्हा हत्याराकडे पाहायचं. वाकस असेल तर ह्यू, चाकू असेल तर विटल. शाडूची गणेशमूर्ती यातल्या कशातच बसत नाही. तिथे माती काढत नाहीत, लावतात आणि दाबतात. तिला ‘मॉडेल’ म्हणा.

चाकू क्रियापदातच दडलेला आहे

हत्यारावर एवढा भर का, हे शब्दाच्या जन्मात दिसतं. जुन्या इंग्रजीत ‘थ्वीटान’ म्हणजे कापणं, छिलणं. त्यावरून पुढे ‘थ्विटल’ हे नाम आलं आणि त्याचा अर्थच चाकू. 14व्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या गोष्टी लिहिल्या. त्यातला एक गिरणीवाला आपल्या पायमोज्यात शेफील्डचा थ्विटल खोचून हिंडतो. शेफील्डचं नाव सुऱ्याचाकूंसाठी तेव्हाच झालेलं होतं. पुढे सुरुवातीचा ‘थ’ गळाला आणि 16व्या शतकात त्या नामाचंच क्रियापद झालं. म्हणजे कानशीवरून आपण कानसणं म्हणतो, तसंच हे झालं. क्रिया हत्याराच्या नावाने चालते.

एकदा एका विद्यार्थिनीने मला अडवलं होतं. वेरूळचं 16 क्रमांकाचं कैलास लेणं खडक वरून खाली काढत काढतच घडवलं ना, मग 8व्या शतकातल्या त्या कामाला विटल का नाही म्हणायचं? प्रश्न चांगला होता, कारण ‘थोडं थोडं काढत जाणं’ हा अर्धा अर्थ तिने बरोबर पकडला होता. उरलेला अर्धा अर्थ चाकू, लाकूड आणि हाताचा आवाका यांत आहे. दगड, छिन्नी आणि डोंगर आले की इंग्रजी माणूस कार्व्ह किंवा ह्यू म्हणतो. म्हणूनच अशा लेण्यांना ‘रॉक-कट’ किंवा ‘रॉक-ह्यून’ म्हणतात. पेन्सिल मात्र चालते. ब्लेडच्या पात्याने पेन्सिलीला टोक काढलं तर विटल म्हणा, शार्पनरमध्ये फिरवली तर नुसतं ‘शार्पन’.

कर्म कुठलं आणि मधला शब्द कुठला

‘काठीचा चमचा केला.’ मराठीत ‘चा’ने काम भागतं. इंग्रजीत या क्रियापदाला दोन तऱ्हांचं कर्म लागतं आणि दोन्ही बरोबर आहेत. कच्चा माल कर्म असेल तर ‘ही विटल्ड द स्टिक इन्टू अ स्पून’. तयार वस्तू कर्म असेल तर ‘ही विटल्ड अ स्पून फ्रॉम अ स्टिक’, किंवा ‘आउट ऑफ अ स्टिक’. घोळ होतो तो पहिल्या वाक्यात ‘इन्टू’ऐवजी ‘टू’ घातल्यामुळे. चमचा, शिटी, बाहुली, अशी नवी वस्तू निर्माण होत असेल तर ‘इन्टू’च हवं. ‘टू’ला जागा आहे, पण ती आकाराच्या शेवटाला. ‘ही विटल्ड द एंड टू अ पॉइंट’ म्हणजे टोक अणकुचीदार केलं. विटीची टोकं नेमकी अशीच होतात.

कर्माशिवायही हे क्रियापद सुखाने राहतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ‘ही सॅट ऑन द पोर्च, विटलिंग.’ काय तासत होता? काहीच सांगितलेलं नाही, आणि सांगायची गरजही नाही. अमेरिकी गोष्टींत म्हातारा ओसरीवर बसून खिशातल्या चाकूने काडी तासत राहतो ते वेळ घालवायला. अशा वाक्याचं मराठी करताना ‘तो काहीतरी कोरत होता’ लिहिलं की म्हातारा एकदम शिल्पकार होतो. ‘तो नुसता काडी तासत बसला होता’ म्हटलं की तो रिकामा वेळ वाक्यात उतरतो. मला स्वतःला हे भाषांतर जमलं की फार समाधान वाटतं.

लाकूड नाही, चाकू नाही, तरी विटल

वर्तमानपत्रं, परीक्षा, ऑफिसच्या मेल यांत हा शब्द भेटतो तो बहुतेक वेळा लाकडाविना. ‘विटल डाउन’ आणि ‘विटल अवे’. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

दोन्हींच्या मुळाशी विटीच आहे. ढलपी, ढलपी, ढलपी. म्हणून पहिली अट अशी की क्रिया हळूहळू, अनेक छोट्या घावांनी झालेली असावी. पुराने पूल एका रात्रीत वाहून नेला तर तिथे विटल येऊच शकत नाही. अंदाजपत्रकातली तरतूद एका फटक्यात अर्धी केली तर ‘स्लॅश’. तीच तरतूद दर बैठकीत थोडी थोडी कमी होत गेली तर विटल. आकडा दोन्हीकडे सारखाच असेल, क्रियापद निराळं.

दुसरी गोष्ट ‘डाउन’ आणि ‘अवे’ यांच्यातल्या फरकाची. ‘डाउन’ म्हटलं की लक्ष उरलेल्या गोष्टीकडे जातं. 40 अर्ज आले, छाटत छाटत 5 उरले. ‘वी विटल्ड द लिस्ट डाउन टू फाइव्ह.’ उरलेले 5 हेच आपल्याला हवे होते, जसा काठीतून विटीचा आकार हवा असतो. इथे ‘टू’ म्हणजे किती उरले. त्या जागी ‘बाय’ घातलं की वाचणाऱ्याला 5 जण वगळले असं वाटतं आणि सगळा हिशेब उलटा होतो. नोकरीच्या निवडीबद्दलच्या एका मेलमध्ये ही चूक मी पाहिली आहे. त्यावरून दोन दिवस गैरसमज चालला होता.

‘अवे’ म्हटलं की लक्ष गेलेल्या गोष्टीकडे जातं, आणि बहुतेकदा त्यात खंत असते. महागाईने साठवलेले पैसे खाल्ले, सततच्या टोमण्यांनी मुलाचा आत्मविश्वास गेला, अधिकार एकेक करून काढून घेतले. इथे कुणाला काही घडवायचं नव्हतं, नुसत्या ढलप्याच पडत गेल्या. ‘अवे’च्या पुढे ‘ॲट’ आलं तर काम अजून चालू आहे किंवा पुरतं संपलेलं नाही, असा भाव येतो. ‘दे विटल्ड अवे ॲट हिज राइट्स’ म्हणजे त्याचे अधिकार ते कुरतडत राहिले. शेवटी काही उरलं की नाही, हे त्या वाक्यात नाही. इंग्रजी बातमीचं मराठी करताना ‘अधिकार काढून घेतले’ असं लिहून टाकलं, तर बातमीत नसलेला शेवट आपण लावलेला असतो.

मग ती फसवी चूक, जी इंग्रजी चांगलं येणारेही करतात. ‘माय सेव्हिंग्ज विटल्ड अवे.’ कानाला ठीक वाटतं, पण पैसे चाकू घेऊन स्वतःला तासत नाहीत. या क्रियापदाला तासणारा कुणीतरी लागतो. मराठीत हा भेद आपण लहानपणापासून न चुकता पाळतो, झिजणं आणि झिजवणं. चंदन झिजतं, आपण ते सहाणेवर झिजवतो. ‘विटल अवे’ म्हणजे झिजवणं. म्हणून एकतर ‘इन्फ्लेशन विटल्ड अवे माय सेव्हिंग्ज’ म्हणा, नाहीतर कर्मणी करून ‘माय सेव्हिंग्ज वेअर विटल्ड अवे’. नुसतं झिजणं, आटत जाणं सांगायचं असेल तर इंग्रजीत ‘ड्विंडल’ आहे. ‘माय सेव्हिंग्ज ड्विंडल्ड.’ वाक्य लिहून झाल्यावर मनातल्या मनात मराठी करून पाहा. ‘झिजले’ येत असेल तर ड्विंडल, ‘झिजवले’ येत असेल तर विटल.

उलट दिशेने येतानाही जपावं लागतं. ‘यादी तासली’ हे मराठी नव्हे. मराठीत यादी छाटतात, चाळतात, छाननी करत पाचावर आणतात. आत्मविश्वास खच्ची होतो, अधिकार कुरतडले जातात, शिल्लक पोखरली जाते. लाकडासाठी तासणं हा शब्द अगदी चपखल आहे, पण म्हणून त्याला सगळीकडे ओढून आणायचं कारण नाही.

‘आउट’ आलं की गाडी कार्व्हकडे वळवा

‘विटल आउट’ ही जोडी लाकडापुरती ठीक आहे, पण जिल्हा किंवा राज्य वेगळं काढायचं म्हटलं की कार्व्हच लागतं. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे दोन भाग होऊन महाराष्ट्र आणि गुजरात झाले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर हा नवा जिल्हा निघाला. इंग्रजी वाक्य ‘पालघर वॉज कार्व्ह्ड आउट ऑफ ठाणे’ असं. ठाणे जिल्हा यामुळे लहान झाला हे खरं, पण तो एका दिवसात, एका निर्णयाने झाला. म्हणून ठाण्याच्या बाजूनेही ‘विटल्ड डाउन’ म्हणता येत नाही. कामाच्या धबडग्यात स्वतःसाठी वेळ काढणं, एखाद्या क्षेत्रात जागा निर्माण करणं, हेही ‘कार्व्ह आउट’च. ताटातलं भाजलेलं मांस कापून वाढणं हेसुद्धा कार्व्ह, त्यात नक्षी कोरण्याचा प्रश्न नसतो.

उच्चार आणि स्पेलिंग

यातला एच बहुतेक इंग्रज उच्चारतच नाहीत. ‘लिटल’शी यमक जुळतं, म्हणून मी इथे सरळ ‘विटल’ लिहिलं आहे. ‘व्हिटल’ लिहिलं की वाचताना जीभ ‘व्हायटल’कडे घसरते, आणि तो तर महत्त्वाचा या अर्थाचा निराळाच शब्द. अमेरिकेत मधला टी मऊ होऊन ‘विडल’च्या जवळ ऐकू येतो. लिहिताना टी दोन हवेत. आयएनजी लावताना शेवटचा ई जातो, ईडी लावताना आधीच्या ई ला नुसता डी जोडायचा. एका टीच्या जागी एस पडला तर ‘व्हिसल’ होतं, म्हणजे शिटी. ती चूक संगणकाची तपासणीही पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. शिवाय विलो या झाडाच्या फांदीची शिटी तासून करतात, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. तिथे अक्षरांवर बोट ठेवून वाचा.

आणि मोठ्या अक्षराने सुरू होणारा विटल दिसला तर भाषांतर करायला धावू नका. 1930 साली जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज करणारे ब्रिटिश अभियंते फ्रँक विटल यांचं ते आडनाव आहे. उत्तर इंग्लंडमधल्या गावांच्या नावावरून आलेलं, पांढरी टेकडी असा मूळ अर्थ असलेलं. चाकूशी किंवा लाकडाशी त्याचं काही नातं नाही.